आधी तोंड, मग हात

आमच्या कॅप्टनना मुकाट्याने पाणीसुद्धा पिता येत नसे. ग्लास उचलायचा, "मी आता पाणी पितोय" असं जाहीर करायचं, समोरच्याने "ऐकलं" म्हणायचं, मगच घोट घ्यायचा. समोरचा गप्प राहिला तर ग्लास हवेत तसाच राही आणि कॅप्टन भुवया उंचावून वाट बघत बसत. शारजा विमानतळाच्या कँटीनमध्ये एकदा एक नवा इजिप्शियन पायलट त्यांच्यासमोर बसला होता. त्या बिचाऱ्याला ही रीत ठाऊक नव्हती. बराच वेळ तो ग्लासाकडे बघत राहिला आणि कॅप्टन त्याच्याकडे. शेवटी मीच पलीकडच्या टेबलावरून ओरडले, "ऐकलं!" तेव्हा कुठे कॅप्टन घटाघटा पाणी प्याले. पुढे त्या इजिप्शियनाला मराठीतला हा एकच शब्द येऊ लागला आणि तो फारच छान म्हणायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी पुण्याहून तिकडे गेले. एका बड्या व्यापाऱ्याचं स्वतःचं जेट विमान होतं, दोन इंजिनांचं, जेमतेम आठ माणसांचं. त्या व्यापाऱ्याला सगळे अर्बाब म्हणत. तिकडे मालकाला अर्बाबच म्हणतात. कॅप्टन त्याचे मुख्य वैमानिक आणि त्यांना को-पायलट हवा होता. मुलगी म्हणून भारतात मला कोणी दारात उभं करत नव्हतं. मुलाखतीला कॅप्टननी माझे कागद उघडलेसुद्धा नाहीत.

"बोलता येतं का?" त्यांनी विचारलं.

"हो सर. इंग्लिश, हिंदी, मराठी."

"भाषा नाही विचारल्या. बोलता येतं का?"

मला काही उमगलं नाही. पण गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही आणि त्यावरून घरी आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, असं खरं ते सांगून टाकलं. नोकरी मिळाली.

वैमानिक बोलतात यात काही नवल नाही. चाकं बाहेर काढली, पंखांचे फ्लॅप उघडले, की एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने दुजोरा द्यायचा, ही जगभरची शिस्त आहे. पण जगभरचे वैमानिक विमानातून उतरले की गप्प होतात. आमचे कॅप्टन उतरल्यावर सुटत. गाडी चालवताना "मी आता उजवीकडे वळतोय", दुकानात "मी आता कोथिंबिरीची जुडी उचलतोय", दुबईतल्या करामा वस्तीच्या उडुपी हॉटेलात "मी आता चटणीकडे चाललोय". तिथला मल्याळी वेटर तर लांबूनच "ऐकलं सार" म्हणून मोकळा व्हायचा. "आधी तोंड, मग हात," हे त्यांचं ब्रीद. लोकांनी त्यांचं नाव 'रेडिओ करामा' ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. मला वाटतं थोडं आवडतही होतं.

दुसरी एक तऱ्हा होती. विमानात ते मला अहो-जाहो करत आणि विमानाबाहेर अगं-तुगं. मीही विमानात 'सर' म्हणायचं आणि करामात 'काका'. शिडीची शेवटची पायरी ही सरहद्द. "हेडफोन घाला, बेल्ट बांधा" म्हणणारा माणूस खाली पाय टेकल्याबरोबर "अगं, जेवलीस का?" म्हणायचा. ही सरहद्द त्यांनी कधी चुकून ओलांडली नाही.

तिथल्या गणपतीत एका वर्षी आरतीच्या वेळी कापूर लावायचा मान त्यांना मिळाला. काडी पेटवण्याआधी "मी आता कापूर लावतोय" म्हणाले आणि थांबले. टाळ थांबले, पेटी थांबली. गुरुजींना वाटलं, आपलाच एखादा विधी राहिला. सगळा हॉल अवघडून उभा असताना मागच्या खुर्चीवरून एका बाईंचा खणखणीत आवाज आला, "ऐकलं हो, लावा एकदाचा!" हशा पिकला आणि कापूरही पेटला. त्या बाई म्हणजे कॅप्टनच्या पत्नी, आमच्या काकू.

काकूंना भेटायला पहिल्यांदा घरी गेले तो एक शुक्रवार होता. करामातली जुनी तीनमजली इमारत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. दार काकूंनीच उघडलं.

"आलीस? ये. चपला डावीकडे काढ आणि काढल्यास की सांग."

मी मनात म्हटलं, झालं! नवऱ्याची लागण बायकोलाही झालीय. "काढल्या," मी म्हणाले.

"ऐकलं. पर्स कुठे ठेवलीस?"

"सोफ्यावर."

"कोणत्या टोकाला?"

कॅप्टन आतून ओरडून सांगत होते, "मी बाल्कनीचं दार उघडतोय", "मी तुळशीला पाणी घालतोय", आणि काकू इकडे माझ्याशी गप्पा मारता मारता प्रत्येक वाक्याला "ऐकलं" म्हणत होत्या. मला हसू आवरेना. दिवेलागणीला मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले, तर आत चांगलाच अंधार आणि त्या अंधारात काकू पोळ्या लाटत होत्या.

"काकू, दिवा लावू?"

"लाव की, तुला लागत असेल तर."

मी बटण दाबलं. लख्ख उजेड पडला, पण काकूंची पापणी लवली नाही. त्यांनी तव्यावरची पोळी बोटांनी चाचपली आणि अलगद उलटली. मला एकदम सगळं कळलं.

"अगं, लावलास का दिवा? लावलास तर सांग ना," काकू म्हणाल्या.

"लावला, काकू."

"ऐकलं."

काकूंच्या डोळ्यांचे पडदे हळूहळू निकामी होत गेले होते. दुबईत आल्या तेव्हा चांगलं दिसत होतं. मग कडा धूसर झाल्या, मग मधलंही गेलं. डॉक्टर पुष्कळ झाले, उपाय झाले नाहीत. जेवताना त्यांनी मला हे कणकेचा गोळा मळावा तितक्या सहजपणे सांगितलं आणि वर म्हणाल्या, "ह्यांना लोक बडबड्या म्हणतात ना? अगं, लग्नानंतर कित्येक वर्षं घरात ह्यांचा आवाज म्हणजे फक्त शिंक. माझे डोळे गेले आणि ह्यांना वाचा फुटली!"

कॅप्टन खाली मान घालून म्हणाले, "मी आता ताक घेतोय."

आम्ही सगळे समजत होतो की हा माणूस कॉकपिटची सवय घरी घेऊन जातो. उलट तो घरची सवय कॉकपिटमध्ये घेऊन यायचा. मला त्या दिवशी त्यांच्यावर हसल्याचं वाईट वाटलं नाही, कारण काकूंसारखी त्यांची टिंगल करणारं दुसरं कोणी नव्हतं. पण घरी परतताना रडू मात्र आलं.

त्या घरात काकू वाऱ्यासारख्या वावरायच्या. कोणती बरणी कुठे, स्टूल कुठे, सांडशी कोणत्या खिळ्याला, सगळं ठरलेलं. सांगितल्याशिवाय कोणी काही हलवायचं नाही. गॅस संपत आला की काकू सिलिंडरची मान दोन्ही हातांत धरून ते एका कडेवर किंचित कलंडवायच्या, क्षणभर तोलायच्या आणि सांगायच्या, "परवाच्या वरणभातापर्यंत पुरेल." तसंच व्हायचं. कॅप्टन हा प्रयोग दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखे बघत. "हिला काटा लागत नाही. ही वजनाला विचारते," असं मला अभिमानाने सांगत.

मात्र त्याच काकू घराबाहेर पडल्या की कॅप्टनचा दंड घट्ट धरून लहानशा व्हायच्या. रस्त्यात, दुकानात, पार्कात, कुठेही. त्यांचं राज्य दाराच्या आतलं. जिना उतरताना एकदा कॅप्टन मला म्हणाले, "हे घर हिने डोळे असताना पाहिलंय. म्हणून हे तिचं आहे. दुसरं घर तिला कसं दाखवायचं, मला ठाऊक नाही गं." तिकडे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. नोकरीची फिकीर करणाऱ्यांपैकी ते नव्हते. त्यांना काकूंच्या घराची काळजी होती.

आणि नोकरी एका काट्यावर लटकली होती. विमान जुनं होतं. त्याच्या डाव्या टाकीचा काटा लबाड होता. दुरुस्त करावा, थोडे दिवस गुणाने वागावा आणि मग एके दिवशी भरलेली टाकी रिकामी दाखवावी. त्या काट्यापायी कॅप्टननी दोनदा विमान मधूनच उतरवलं होतं आणि दोन्ही वेळा टाकी तुडुंब निघाली होती. अर्बाब मनाचा मोठा, पण तापट. दुसऱ्यांदा त्याने ऑफिसात सगळ्यांसमोर बजावलं, "कॅप्टन, तीसरी बार इस मीटर के लिए उतारा, तो खलास. मैं दूसरा आदमी देखूँगा."

"ऐकलं," कॅप्टन म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही अर्बाबला मुंबईहून दुबईला घेऊन निघालो होतो. गुडघ्याच्या उपचारांसाठी तो मुंबईला येई. त्या संध्याकाळी दुबईत त्याच्या धाकट्या मुलाचा निकाह होता. दुपारचं स्वच्छ ऊन, खाली समुद्र, मागे एकटा अर्बाब जपमाळ ओढत बसलेला. अर्धं अंतर मागे पडलं होतं आणि डावा काटा खाली येऊ लागला.

"लेफ्ट टँक कमी दाखवतेय, सर."

"ऐकलं. परत?"

"परत."

दोन पंखांत दोन टाक्या असतात. डावी डाव्या इंजिनाला इंधन देते, उजवी उजव्याला. एक बाजू हलकी होऊ लागली तर मधला एक व्हॉल्व्ह उघडायचा आणि भरलेल्या टाकीवर दोन्ही इंजिनं चालवायची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतात. त्याला क्रॉसफीड म्हणतात. आम्हाला ते रोजचंच होतं.

"मी आता क्रॉसफीड उघडते," मी म्हणाले आणि हात पुढे केला.

ते "ऐकलं" म्हणाले नाहीत. माझा हात हवेत तसाच राहिला.

"का उघडताय?"

"डावी कमी आहे."

"कमी दाखवतेय. काटा खोटं बोलत असेल, तर उघडायची गरज नाही. आणि खरंच गळत असेल, तर तुम्ही मधलं दार उघडलंत की चांगल्या टाकीतलंही त्याच भोकातून समुद्रात. आधी कोणतं ते बघू."

मी हात मागे घेतला. विमानाचा काटा बघून हे कळणार नव्हतं, कारण भांडण काट्याशीच होतं.

"मी आता ऑटोपायलट काढतोय," कॅप्टन म्हणाले. "सगळे आकडे तुम्ही बघा. मी क्षणभर डोळे मिटतोय."

"ऐकलं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

त्यांनी खरोखरच डोळे मिटले. स्टिअरिंगवर दोन्ही हात इतके हलके ठेवले होते की नुसते टेकलेत असं वाटावं. विमान हळूच उजवीकडे कलंडलं. त्यांनी सरळ केलं, पुन्हा सैल सोडलं. पुन्हा उजवीकडे. मला करामाचं स्वयंपाकघर आठवलं आणि सिलिंडरची मान धरून उभ्या असलेल्या काकू.

"उजवी जड आहे," ते डोळे उघडून म्हणाले. "डावी खरंच रिकामी होतेय. लबाड आज खरं बोलतोय."

त्यांनी मला मागे जाऊन डावा पंख बघून यायला सांगितलं. मी अर्बाबच्या शेजारून वाकून खिडकीतून बघितलं. पंख उन्हात कोरडा चमकत होता. परत येऊन तसं सांगितलं.

"पंखातून नाही, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतून. तापलेल्या इंजिनापाशी सांडतंय." हे त्यांनी चहा कमी गोड आहे म्हणावं तसं म्हटलं. "मी आता डावं इंजिन बंद करतोय. माझा हात डाव्यावर आहे. बघा."

"डाव्यावर. बरोबर."

"बंद करतोय."

"ऐकलं."

विमानातला अर्धा आवाज गेला. एक इंजिन बंद झाल्यावर मागे राहते ती शांतता मी त्याआधी फक्त जमिनीवरच्या सरावाच्या सिम्युलेटरमध्ये ऐकली होती, आणि तिथे ती खोटी असते. पण डावा काटा जागच्या जागी थांबला. गळतीची वाट बंद झाली होती.

आता प्रश्न एवढाच होता की उतरायचं कुठे. मस्कत सर्वांत जवळ होतं. दुबई त्याच्या पुढे. उजव्या टाकीत दुबईपुरतं इंधन आहे असं मला दिसत होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर काकू होत्या. मी म्हणाले, "सर, उजवीत दुबईपर्यंतचं आहे."

"आहे, असं काटा म्हणतोय," ते म्हणाले. मग माझ्याकडे पूर्ण वळून, एकेक शब्द सुटा करून बोलले, "मी मस्कतला उतरतोय."

आता "ऐकलं" म्हणायची पाळी माझी होती. त्या एका शब्दाने त्यांची नोकरी जाणार होती हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. ते थांबले होते. पाण्याचा ग्लास हातात धरून थांबत, तसेच.

"ऐकलं," मी म्हणाले.

रेडिओवर मस्कतला कळवेपर्यंत अर्बाब कॉकपिटच्या दारात येऊन उभा. "कॅप्टन, एक तरफ का आवाज क्यों बंद? फिर वो ही मीटर?"

"अर्बाब, इंजिन मैंने बंद किया है. तेल लीक है. मैं मस्कत उतर रहा हूँ."

"बॅलन्स करो ना हमेशा जैसा! यल्ला, दुबई चलो. आज मेरे बेटे का निकाह है!"

"निकाह होगा इन्शाल्ला, और आप भी होंगे. अब सीट पे बैठिए, पट्टा बाँधिए, और बाँध के मुझे बोलिए."

अर्बाबला असं कोणी कधी सांगितलं नसावं. तो बघतच राहिला, मग मागे गेला. थोड्या वेळाने मागून चिडका आवाज आला, "बाँध लिया!"

"ऐकलं," कॅप्टन म्हणाले.

जड उजवी बाजू सांभाळत त्यांनी विमान असं टेकवलं की मला चाकं लागल्याचं नंतर कळलं. धावपट्टीच्या कडेने अग्निशामक गाड्या आमच्याबरोबर धावत होत्या. अर्बाब खाली उतरला, कोणाकडे न बघता फोन लावत चालू लागला आणि दुबईची मोटार पकडून निघून गेला. इंजिनिअर यायलाही तो थांबला नाही.

शिडीची शेवटची पायरी उतरल्याबरोबर कॅप्टन म्हणाले, "पोरी, हात बघू तुझे. गार पडलेत गं." लगेच "मी आता खाली बसतोय," असं म्हणाले आणि त्या तापलेल्या जमिनीवर, गणवेशाची पर्वा न करता, फतकल मारून बसले. मी "ऐकलं" म्हणून शेजारी बसले. मग त्यांनी घरी फोन लावला.

"मी मस्कतला उतरलोय," एवढंच सांगितलं.

पलीकडून काकूंचं "ऐकलं" मलाही ऐकू आलं. काकूंनी का म्हणून विचारलं नाही. त्यांना तीनही वेळांचा हिशेब पाठ होता.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून निरोप आला, पुढचं कळवेपर्यंत कॅप्टननी घरी बसावं. मी तीन-चार दिवसांनी उन्हं उतरल्यावर करामाला गेले तर फ्लॅटला कुलूप. नातूर, म्हणजे तिथला वॉचमन, बोट वर करून म्हणाला, "मॅडम, साब लोग छत पे हैं. आप देखो, मेरे को समझ नहीं आता."

गच्चीवर डिश अँटेनांच्या गर्दीत मोकळी जागा होती. तिथे कॅप्टन गुडघ्यांवर बसून खडूने जमिनीवर रेघा मारत होते. एका हातात मोजपट्टी, तोंडात दुसरा खडू, शेजारी विटेखाली दाबलेला बिल्डरचा नकाशा. पुण्यात त्यांनी निवृत्तीसाठी एक फ्लॅट घेऊन ठेवला होता. तो अख्खा फ्लॅट, खोल्या, दारं, खिडक्या, ओटा, सगळं खऱ्या मापाने ते गच्चीवर उतरवत होते. ओट्याच्या जागी केळ्यांची खोकी रचली होती. आणि काकू, पदर खोचून, अनवाणी, त्या रेघांमधून हिंडत होत्या.

"मी दारातून आत आले. डावीकडे भिंत."

"ऐकलं. आता सरळ."

"मी स्वयंपाकघरात वळतेय."

"अगं थांब, थांब! भिंतीतून गेलीस!"

"मग दार इथे करा. मला इथूनच सोयीचं पडतं."

मला हसू आणि रडू दोन्ही एकदमच फुटलं. कॅप्टननी वर बघितलं. "आलीस? हा सिम्युलेटर. घर जाण्याआधी घराचा सराव करून ठेवतोय. काल बेडरूम झाली."

"काका, तुम्हाला वाईट नाही वाटत?" मी न राहवून विचारलं.

"वाटतं की," ते सरळ म्हणाले. "खूप वाटतं. हिचं घर माझ्या हाताने गेलं." आणि खडू झटकत उभे राहिले. "पण त्या विमानात तू होतीस, तो म्हातारा होता. दुसरं काय करणार होतो?"

काकू खोक्यांच्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "हे त्या दिवशी मस्कतला उतरले नसते, तर मला हा नवा बंगला दाखवायला कोण येणार होतं? चल, तू पाहुणी म्हणून ये बघू. दारातून ये हं, ह्यांच्या भिंती फार पक्क्या आहेत."

मी दारातून आले. चपला डावीकडे काढल्या आणि तसं सांगितलं. काकूंनी मला नसलेल्या कपात नसलेला चहा दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मस्कतच्या इंजिनिअरचा निरोप अर्बाबपर्यंत पोचला. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचा एक सांधा तडकला होता आणि आजूबाजूचं सगळं इंधनाने भिजलं होतं. अर्बाबने तो तुकडा मागवून घेतला आणि कॅप्टनना बोलावलं. मी सोबत गेले होते. टेबलावर ती तडकलेली नळी कागदांवर वजन म्हणून ठेवलेली. अर्बाबने ती उचलून तड्यावरून अंगठा फिरवला. निकाहाला तो उशिरा का होईना, पोचला होता.

"कॅप्टन," तो शेवटी म्हणाला, "तुम बोलते बहुत हो."

"जी, अर्बाब."

"बोलते रहो. घर जाओ, परसों फ्लाइट है. खलास."

आम्ही बाहेर पडलो. लिफ्टमध्ये कॅप्टन म्हणाले, "मी आता डोळे पुसतोय." मी "ऐकलं" म्हणाले.

नोकरी टिकली, काकूंचं घर टिकलं, पण गच्चीवरचा सिम्युलेटर त्यांनी बंद केला नाही. खडू पुसला जाई म्हणून पुढे पांढऱ्या रंगाने पक्क्या रेघा मारल्या. उन्हं उतरली की दोघं वर जात आणि पुण्यात राहून येत. इमारतीतल्या मुलांनी त्या रेघांवर आपला एक खेळ बसवला होता. खोलीत शिरताना काय करतोय ते ओरडून सांगायचं आणि बाकीच्यांनी "ऐकलं" म्हणायचं, नाहीतर आउट. त्यांतल्या बहुतेकांना मराठीचा गंधही नव्हता. मी एकाला विचारलं, ऐकलं म्हणजे काय रे? तो म्हणाला, "It means you can go, aunty."

वैमानिकाने साठीला खाली उतरायचं, असा तेव्हा नियम होता. त्यांची साठी आली. मी तेव्हा सुट्टीवर पुण्यात होते. त्यांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे गॅस, भांडी, बरण्या, सगळं नकाशाबरहुकूम लावून मी किल्ली घेऊन दारात उभी राहिले. दोघं आली. प्रवासाने दमलेल्या काकू कॅप्टनच्या दंडाला धरून अगदी लहानशा दिसत होत्या. दार उघडलं. काकूंनी दंड सोडला, पाऊल टाकलं आणि पहिल्याच पावलाला ठेच लागली.

"अहो! हे काय आहे?"

कॅप्टनचा चेहरा पांढराफटक पडला. तो उंबरा होता. बिल्डरच्या नकाशात उंबरे काढत नाहीत आणि करामाच्या फ्लॅटला उंबरा नव्हता. इतकी वर्षं तिकडे राहून आपल्या घरांना उंबरा असतो हेच हा माणूस विसरून गेला होता! "चुकलं गं," ते पुटपुटले. "सांगायचा राहिला."

काकू खाली वाकल्या. उंबऱ्यावरून हात फिरवला आणि तो कपाळाला लावला. "बरं झालं राहिला," म्हणाल्या. "या घरात मला डोळे असतानापासून माहीत असलेलं काहीतरी निघालं."

मग त्या उंबरा ओलांडून आत गेल्या. "मी चपला काढल्या. डावीकडे भिंत." सरळ चालल्या. "मी स्वयंपाकघरात वळतेय." दारातूनच वळल्या. ओट्यावरून हात फिरवला, शेगडी सापडली, तिच्या शेजारी लायटर ठरल्या जागी सापडला. दंड सोडल्यापासून त्या पुन्हा मोठ्या झाल्या होत्या.

"मी आता गॅस पेटवतेय," काकू म्हणाल्या आणि लायटर हवेत धरून थांबल्या.

कॅप्टन अजून उंबऱ्याबाहेरच होते. ओठ घट्ट मिटलेले. ज्या माणसाला मुकाट्याने पाणी पिता येत नसे त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"अहो, म्हणा ना. हात अवघडला माझा."

त्यांच्या वतीने मीच म्हणावं म्हणून तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"बघतोय," ते कसेबसे म्हणाले. "मी बघतोय गं."

काकूंनी गॅस पेटवला.